हवेचं भाडं

भावाने अमेरिकेहून बाबांना ई-रीडर पाठवला, कारण बाबांचा उजवा डोळा गेला होता आणि डावा जायच्या रांगेत उभा होता. रिफायनरीतून रिटायर झालेला हा माणूस इंग्रजी रहस्यकथांवर जगायचा. यंत्रात अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत. भावाने दोन पुस्तकं भरूनच पाठवली होती, ती बाबांनी आठवड्यात संपवली.

तिसरं घ्यायला गेलो आणि अडलो. यंत्राचं खातं अमेरिकेचं, म्हणून किंमतही तिकडची. वर परदेशात बिनतारी पोचवायचे पुस्तकामागे दोन डॉलर वेगळे. बाबा भडकले. "ना हमाल, ना टेम्पो, आणि हवेचं भाडं? फतेगंजच्या रद्दीवाल्याकडे एवढ्यात तीन पुस्तकं येतात!" येत होती खरी, पण त्यातली अक्षरं त्यांना दिसत नव्हती. हे मी बोलले नाही, कारण ते दोन डॉलर मलाही टोचत होते.

अमेरिकेच्या प्रत्येक अडचणीवर बडोद्यात एकच औषध: तिकडे कोण जातंय? शेजारच्या काकू जात होत्या, आणि त्यांचा मुलगा भावाच्याच गावात. "एमां शुं? त्यात काय एवढं! द्या इकडे. तुमचा मुलगा तिथेच भरून देईल, मफत," काकू म्हणाल्या. आम्ही शहाण्यांनी यंत्र त्यांच्या बॅगेत, ठेपल्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. पुस्तकाचं भाडं वाचावं म्हणून वाचायचं साधनच सातासमुद्रापार धाडलं! कॉम्प्युटरला केबल लावून फुकट भरता येतं, असं खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं म्हणे. पण आमच्याकडे पुस्तिका वाचत नाहीत, काकूंना विचारतात.

काकू सहा महिने राहिल्या. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला नकोत? बाबा रोज विचारायचे, "आल्या का?" हळूहळू ते पेपरातले मथळेही मला वाचायला सांगू लागले. तरी मी दुसरं यंत्र घेतलं नाही. आता येतीलच, कशाला उगाच खर्च. याचा मला आजही राग येतो, माझाच.

दिवाळीच्या तोंडावर यंत्र आलं. अकरा पुस्तकं, भाडं शून्य, वर चॉकलेटं. मी पहिलं पुस्तक उघडलं, अक्षरं सगळ्यात मोठी केली, तेव्हा पानावर जेमतेम दहा शब्द मावले. बाबांनी यंत्र खिडकीकडे धरलं, डोळ्यापाशी आणलं, पुन्हा लांब धरलं.

"चालू कर ना," ते म्हणाले.

चालूच होतं.