कुहीच्या मातीचा नमुना

माझा सल्ला आजवर एकाच माणसाने ऐकला, आणि त्याची झाडं पिवळी पडली.

तो माणूस म्हणजे माझा मेहुणा दिवाकर. कुहीजवळ त्याची धानाची शेती. "धान किती वर्षं लावशील? तेलाचा पाम लाव!" असं मी (नागपुरात, पंख्याखाली बसून) त्याला सांगितलं. त्याने धानाच्या एका अख्ख्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पाम लावला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा फोन आला.

"भाऊजी, पानं पिवळी पडून राहिली! काहून?"

सासरी माझी जी काही पत होती, ती त्याच झाडांवर उभी होती! "माती तपासू," मी म्हणालो. "पामले आंबट माती लागते." (एवढंच मला माहीत होतं.)

रविवारी बायकोला, सुनंदाला घेऊन स्कूटरने कुही गाठली. दिवाकरने नऊ ठिकाणची माती खणून, चाळून पिशवी माझ्या हाती दिली. निघताना मी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात थोडा जास्तीचा चुना मिसळून तो गालात टाकला, तोच सुनंदा आली. खर्रा सोडल्याची तर मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली! ती कधीच हात घालणार नाही अशा जागी मी चुन्याची डबी कोंबली. पिशवीतल्या मातीत. मग नागपूरपर्यंत तोंड उघडलं नाही. सुनंदाला वाटलं, बिचाऱ्यांना झाडांची काळजी लागली.

घरी डबी बाहेर काढली, तर झाकण वेगळं निघालं. मी ते लावलं, पिशवी प्रयोगशाळेत दिली आणि विसरलो.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. "सर, ही माती शेतातली आहे की भिंतीतली? आम्लता नावालाही नाही. चुनाच चुना!"

मला डबीचं ते निघालेलं झाकण आठवलं. फोन स्पीकरवर होता, आणि सुनंदा शेजारी. पाचव्या मिनिटाला बातमी कुहीत!

"उद्याच उपटतो, भाऊजी," दिवाकर म्हणाला.

"अबे, दुसरा नमुना घेऊ ना!"

"काहून? मशीन खोटं बोलते काय?"

रात्रभर मी कूस बदलत होतो. झाडं वाचवू की शपथ?

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या झाडाला दोर बांधलेला होता. दिवाकर ट्रॅक्टरवर बसलेला, डोळे ओले. मला राहवलं नाही.

"थांब गा! तो चुना मातीतला नाही. माझा आहे!"

मी डबी काढून दाखवली. ट्रॅक्टर बंद झाला. आता बांधीत फक्त बेडकं ओरडत होती.

"माझी शपथ घेतली होती ना तुमी?" सुनंदा म्हणाली.

"अगं, ऐक तं..."

"चूप राहा! दिवाकर, इथं इतकी बेडकं काहून रे?"

दिवाकरने कुदळ मारली. वीतभरावर पाणी! धानासाठी बांधलेले बांध अजून तसेच होते, आणि पामची मुळं त्या पाण्यात गुदमरत होती. बांध फोडले, चर काढले. दुसरा नमुना सुनंदाने स्वतः, माझ्यापासून दहा हात लांब उभं राहून भरला. माती अगदी ठीक निघाली.

झाडं आता हिरवीगार आहेत. दिवाकर जमिनीत पाइप रोवून रोज पाण्याची पातळी मोजतो. इकडे सुनंदा रोज माझे खिसे तपासते. नमुना सापडला, की अहवाल थेट कुहीला जातो!