ताईचे त्रेसष्ट धवले

अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या घरात, शब्दकोशांच्या कप्प्यात, एक जुना लॅपटॉप दिवसरात्र चालू असतो. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज आहे.

ताई खरवईची धवलारीन होती. आमच्याकडे लग्नाचा प्रत्येक विधी धवले गाऊन होतो आणि ते गाणारी बाई ती धवलारीन. ताईला लिहिता-वाचता येत नव्हतं; सगळं तोंडपाठ. तिच्या आजारपणात मी फोनवर त्रेसष्ट धवले ध्वनिमुद्रित केले. तिने एकच अट घातली होती, "नेटवर टाकू नको गो. डीजेवाले त्याच्याखाली ढोल बडवतील."

ती गेली तेव्हा भाचीचं लग्न ठरलेलं होतं. वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. भाची म्हणाली, "मावशी, हळदीला आईचेच धवले पाहिजेत." पण गावात ते सगळे येणारी एकही बाई उरली नव्हती. बायकांना ऐकून शिकावं लागणार होतं, आणि ताईची अटही मोडायची नव्हती. म्हणून जुन्या लॅपटॉपचाच घरगुती सर्व्हर करायचा आणि गाणी माझ्याच घरातून, फक्त आपल्या बायकांना ऐकवायची असं मी ठरवलं.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. असा सर्व्हर कसा उभारायचा याची मार्गदर्शिका पेन्सिल घेऊन, एकेक ओळ वाचत गेले. कंटेनर म्हणजे डबाच. प्रत्येक ॲप आपलं सगळं सामान घेऊन आपल्या डब्यात राहतं, शेजारच्याच्या वाटेला जात नाही. माझे दोन डबे होते, एक गाण्यांचा आणि एक फोटोंचा. रिव्हर्स प्रॉक्सी दाराशी बसलेल्या वॉचमनसारखा. बाहेरून कोणी आलं की कोणाकडे जायचंय ते विचारतो आणि नेमक्या दाराशी पोचवतो. इंटरनेटवाल्याकडून घराला कायमचा पत्ता घेतला, पासवर्ड लावला. पंधरा दिवसांनी भाचीने खरवईच्या स्वयंपाकघरातून लिंक उघडली आणि फोनवर किंचाळली, "मावशी, आई गातेय!" मी टेबलावर डोकं ठेवून रडले, मग शिरा केला आणि एकटीने सगळा खाल्ला.

ॲपमध्ये प्रत्येक धवल्यापुढे मी त्याचं नाव आणि विधी लिहिला. हा उंबर आणतानाचा, हा हळद दळतानाचा. ताईने सांगितलं तसं मी लिहून घेतलेल्या चिठ्ठ्या उतरवून झाल्यावर फाडून टाकल्या. हळदीला नऊ दिवस उरले असताना मी गाण्यांचं ॲप नवं केलं. जुना डबा काढला, नवा मांडला. गाणी जागेवर होती, कारण त्यांचा फोल्डर मी डब्याबाहेर ठेवला होता. नावं मात्र डब्याच्या आतच राहिली होती आणि डब्याबरोबरच गेली. आता समोर नुसते आकडे, एक ते त्रेसष्ट. जन्मभर पुस्तकांवर क्रमांक चिकटवणाऱ्या बाईकडून हे व्हावं!

कोणता धवला कधीचा हे कळल्याशिवाय हळद होणार कशी? भाचीला फोन केला. ती म्हणाली, "रडू नको. काकीला ऐकवते." काकी म्हणजे ताईची थोरली जाऊ. दोघींचं तीस वर्षं पटलं नव्हतं.

काकी ठाम होती. "गेलेल्या बाईचा आवाज हळदीच्या घरात नको."

"मग अंगणात ऐक," असं म्हणून भाचीने दुसरा फोन बाहेर कट्ट्यावर ठेवला आणि गाणं लावलं. मी इकडे भाचीचा कॉल चालूच ठेवून कागद-पेन घेऊन बसले. बराच वेळ ताईचा आवाज आणि सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. मग काकीचं सूप थांबलं.

"चुकली! हिला कवाचं सांगतंय, आधी उंबराला बोलवायचा, मंग कुळदेवाला!"

"म्हणजे हा उंबराचा ना?" मी ओरडले.

"मग काय बारशाचा? तू शिकलेली ना गो?"

शेजारच्या बायका हसल्या. त्या कधी येऊन बसल्या, मला कळलंही नव्हतं. पुढचा धवला लागला, काकीने त्यातलीही चूक काढली आणि बरोबर कसं ते गाऊन दाखवलं. मग दुसरी बाई म्हणाली, नाही, ताईचंच बरोबर. भांडण जुंपलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस धवले ओळखून झाले. दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने खरवईला गेले आणि वही घेऊन त्यांच्यातच बसले. चार दिवसांत त्रेसष्टही झाले. वहीत प्रत्येकापुढे दोन रकाने होते, "ताई" आणि "काकी". यावेळी नोंदींचा फोल्डरही डब्याबाहेर ठेवला, आणि वहीही जपली.

हळदीच्या दिवशी धवले गायला ताईच्या पाटावर काकी बसली. फोन मांडवात वाजवायचा नाही, अडलं तरच मी हळूच ऐकवायचा, असं ठरलं होतं. हळद लावतानाच्या धवल्यात तिसऱ्या कडव्याला काकी अडली. मी पदराआड फोन चाचपू लागले, तेवढ्यात पुढची ओळ आली. नवरी गात होती. तोंडभर हळद, डोळे मिटलेले आणि ताईसारखाच जरा नाकातून येणारा सूर.

"नवरीने सोताच गायचा असतो का गो?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गाऊ दे," काकी म्हणाली, "चुकली तर मी हाय." आणि तिने ओळ उचलली. मांडवातल्या सगळ्या बायका गाऊ लागल्या, मीसुद्धा. माझा सूर कधीच लागत नाही. त्या दिवशी कोणी मला थांबवलं नाही.