पोरं मारणारी

"तिला इचारलं का?" एवढंच म्हणायच्या, आणि सासू असो की नवरा, दंडाला धरून पडद्याबाहेर काढायच्या. उदगीरच्या आमच्या दवाखान्यात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी तिथं रक्त-लघवी तपासायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

गर्भपात त्यांना मान्य नव्हता. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगायच्या, "मॅडम, जीव हाय त्यो. मला आत बोलवू नका." डॉक्टर मॅडमनी कधी बोलावलंही नाही. फक्त विचारायच्या, "आणि बाईचा जीव?" सिस्टर चहा अर्धा टाकून उठायच्या. पण बाई बाहेर आली की उशाशी ह्याच, गरम दूध पाजत. मी एकदा म्हणालो, "पाप म्हणता आणि दूधही पाजता?"

"मग काय उपाशी ठिवू?"

देवणीकडची एक बाई आली. पदरात दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. सासूनं कुठून तरी तपासून आणलं होतं, मुलगीच आहे म्हणून. "मोकळी करा हिला," म्हणाली. सिस्टरनी सासूला बाहेर काढलं. पडद्याआड ती बाई हळूच म्हणाली, "मला पायजे हे." मॅडमनी साफ नकार दिला. जबरदस्ती केलीत तर पोलिसांत जाईन, असं सासूला बजावलं. त्या दिवशी मॅडम आणि सिस्टर, दोघींनी चहा शेवटपर्यंत प्यायला. पुढं मुलगी झाली, तेव्हा सिस्टरनी स्वतः पेढे वाटले.

वर्षाच्या आत तीच बाई परत आली, एकटी. पुन्हा दिवस गेलेले. मुलगी अजून अंगावर पीत होती. घरच्यांना या खेपेला मुलगाच होणार याची खात्री होती.

"सिस्टर, मला नको आता. पोरगा का असंना. अंगात काही राहिलं न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. म्या ठरवलं."

"घरी जाऊन इचार कर, अक्का."

"घरूनच करून आलेय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सिस्टर मॅडमकडे गेल्या, "तिला नको हाय," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच बाईबरोबर आत गेल्या. हत्याराला हात लावला नाही, तिचा हात तेवढा धरून उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा रडत होत्या. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मला पटलं न्हाई हे. आजबी न्हाई पटलं."

आठवडाभरात घरी कळलं आणि सासू गावची माणसं घेऊन आली. "आमच्या वंशाचा दिवा इझवला!" सिस्टर दारात उभ्या राहिल्या. "मागल्या खेपेला तूच पाडा म्हणत व्हतीस की. तवा जीव नव्हता का?"

उत्तरादाखल दगड आले.

दवाखान्याच्या मालकांना कटकट नको होती. त्यांनी सिस्टरना घरी बसवलं. मॅडम भांडल्या, पण डॉक्टर मिळणं कठीण आणि सिस्टर कितीही मिळतात, हा हिशेब मालकांचा पक्का. त्या बाईला नवऱ्यानं तिन्ही मुलींसकट माहेरी धाडलं. आणि गल्लीत सिस्टरना नाव पडलं, 'पोरं मारणारी'. असली माणसं तुमच्याही गल्लीत असतील, नाव ठेवायला पुढं आणि दार उघडायला मागं. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली, त्यांनीसुद्धा बारशाला बोलावणं बंद केलं.

शेवटी त्या देगलूरला भावाकडे जायला निघाल्या. मॅडम आणि मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. मॅडमनी विचारलं, "अजून पापच वाटतं?"

"वाटतं. आन् ती पुन्हा आली तर पुन्हा तिचा हात धरीन. दोन्ही खरं हाय, मॅडम. तुम्हाला एकच पायजे असतंय."

मॅडमनी पिशवी उचलली आणि सिस्टरना बसमध्ये बसवलं.

बसमध्ये त्यांच्या शेजारी गल्लीतलीच एक तरणी बाई तान्हं घेऊन बसली. तोंड वळवून पाहिलं, ओळखलं, तान्ह्याच्या तोंडावर पदर ओढला आणि उठून मागं गेली. मागं जागा नव्हती. ती दांडा धरून उभी राहिली. सिस्टरनी खिडकीतून आमच्याकडं पाहिलं, मग समोर. बस हलली. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच होती.