पासिंग झालेली मोटार

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही. देवळात मी नुसता डोळे मिटून बसतो, तोंडानं अभंग म्हणतो आणि उठतो. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित जीभ वळेल. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लढाई तिकडं विलायतेत आणि बोंब इकडं परभणी जिल्ह्यात. टायर मिळत नव्हते, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारीचा साधा खिळा मिळायची मारामार. मी तेव्हा जिंतूर ते सेलू अशी एक सर्व्हिस मोटार चालवायचो. सेलूच्या एका कापसाच्या शेठची. पूर्वी ती कुठल्याशा साहेबाची माल वाहायची व्हॅन होती म्हणे. शेठनं ती मोडीच्या भावात घेतली, सुताराकडून मागं लाकडी खोकं बांधून घेतलं, आत दोन बाकं टाकली, की झाली सर्व्हिस मोटार! लोक तिला ‘डबा’ म्हणायचे.

त्या डब्यात धड काय होतं ते विचारा. स्टेअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. स्प्रिंगचं पान तुटलेलं, ते तारेनं आवळलेलं. एक दिवा आंधळा. तळाची फळी इतकी सडलेली, की पायाखालून रस्ता पळताना दिसायचा. पण मला गर्व होता. गाडीचा? नाही — माझाच. ‘ही गाडी चालवावी तर सदानंच,’ असं कुणी म्हटलं, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता ब्रेकचं सांगतो. त्याच्यासाठीच तर बसलोय.

त्या गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला धरायचा नाही. पाय ठेवला, की पट्टी तळापर्यंत सरळ खाली. सोडायची, पुन्हा दाबायची, परत सोडायची, परत दाबायची — मग कुठं चाकं आवळायची. आत कुठंतरी तेल गळत होतं. बदलायचा तो भाग हैदराबादेत मिळत नव्हता, तर जिंतुरात कुठून मिळणार? मला मात्र त्याची इतकी सवय झाली होती, की पाय आपोआप नाचायचा.

मग अशी गाडी पास कशी व्हायची? सांगतो. वर्षाला एकदा परभणीला कचेरीपुढच्या मैदानात पासिंग असायचं. सगळे मोटारवाले त्या दिवशी सख्खे भाऊ. एकच धड भोंगा, तो सकाळपासून या गाडीवरून त्या गाडीवर फिरायचा. कुणाची स्टेपनी, कुणाचा दिवा, कुणाचा आरसा. इन्स्पेक्टर साहेबांना कळत नव्हतं का? कळत असणारच. पण लढाईच्या दिवसांत कडक तपासणी केली असती तर जिल्ह्यात एक चाक फिरलं नसतं. ते शेजारी बसायचे, मैदानाला एक फेरी मारायला लावायचे आणि लिंबाच्या झाडापाशी आलं, की ओरडायचे, “रोको!” दर वर्षी तेच झाड. आम्हा सगळ्यांना पाठ. मी झाड यायच्या आधीच पाय हलवून ब्रेक भरून ठेवायचो. ‘रोको’ म्हणायची खोटी, की गाडी जागच्या जागी उभी! साहेब खूश, गाडी पास. आणि आम्ही ड्रायव्हर मंडळी हॉटेलात बसून खो खो हसायचो.

हा गुन्हा होता का? होता. पण तो सगळ्यांचा मिळून होता आणि त्याचं ओझं मी कधी एकट्यानं वाहिलं नाही. मला सांगायचंय ते हे नाही.

माणिकराव — माझे दाजी. थोरल्या बहिणीचे, गंगाआक्काचे मालक. जमीन थोडकी, तीही मुरमाड. आक्काच्याच सांगण्यावरून मी त्यांना मोटार शिकवली होती, पण एका दुसऱ्या, बऱ्या गाडीवर. माणूस शांत, हात मऊ. गिअर टाकताना आवाज म्हणून नाही. शेठनं त्यांना एकदा त्या गाडीवर बघितलं आणि स्टँडवर चारचौघांत म्हणाला, “सदा, तुझ्या दाजीचा हात तुझ्यापेक्षा ग्वाड हाय रे. डबा त्यांनाच द्यावा का?”

सगळे हसले. मीही हसलो. शेठ मस्करीच करत होता हो! पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. ज्यांना मी क्लच कुठला अन् ब्रेक कुठला इथपासून शिकवलं, त्यांचा हात माझ्यापेक्षा गोड? आज हे सांगायलासुद्धा लाज वाटते, इतकी क्षुल्लक गोष्ट आहे.

पुढं माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं, पालमला. जाणं भाग होतं. शेठ म्हणाला, तेवढे दिवस माणिकरावला बसव. मी हो म्हणालो.

आता बघा, आम्ही शेतकऱ्याची पोरं. आमच्यात बैल विकताना, नुसता पेरणीपुरता उसना देतानासुद्धा, कासरा हातात द्यायच्या आधी त्याची खोड सांगतात. मारका असेल तर मारका, पाण्याला बुजणारा असेल तर बुजणारा. भावकीत वैर असलं तरी खोड लपवून बैल देत नाहीत. जो देतो त्याच्या दारात पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही. हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं.

दाजी सकाळी स्टँडवर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. सणाला निघाल्यासारखे. मी किल्ली हातात ठेवली. त्यांनी विचारलं — आपण होऊन विचारलं —

“सदा, गाडीचं काही सांगायचं हाय का रं? म्हंजी काही खोड-बिड?”

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. मग शेठचं ते हसणं आठवलं. मी म्हणालो, “काही न्हाई दाजी. पासिंग झालेली गाडी हाय.”

का? मला ते मरायला नको होते. कुणीच मरायला नको होतं. मला एवढंच हवं होतं, की स्टँडवर गाडी लावताना ती जरा पुढं जावी, भिंतीला नाहीतर टपरीला धडकावी, दाजींची फजिती व्हावी आणि शेठनं म्हणावं, ‘न्हाई बाबा, सदाच पायजे.’ एवढंच. हे मी आज पहिल्यांदा शब्दांत सांगतोय. आतापर्यंतचं बाकी सगळं नुसतं पाल्हाळ होतं, खरं ते हे.

जिंतूरहून निघाल्यावर वाटेत एक नाला होता. पूल नव्हता. रस्ता उतरून पात्रात जायचा आणि पलीकडं चढायचा. दाजी पहिल्याच खेपेला मोटार भरून उतारावर आले तेव्हा खाली कापसाची बैलगाडी रुतलेली होती. त्यांनी ब्रेक दाबला. पट्टी तळाला गेली. ज्याला खोड माहीत नाही असा माणूस काय करेल? आणखी जोरात दाबून धरेल. दाजींनी तेच केलं. सोडला असता, पुन्हा दाबला असता — पण कुणी सांगितलं होतं त्यांना? बैलगाडी चुकवायला त्यांनी मोटार वळवली आणि ती खडकांवर कलंडली. चारठाण्याची एक बाई दारापाशी बसली होती. सेलूला रेल्वे धरून माहेरी निघालेली. ती जागीच गेली.

मला निरोप पालमला मिळाला, लग्नाच्या पंगतीत. मी पत्रावळीवरून उठलो.

ठाण्यात अमीन साहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, मला उभं केलं. रोज गाडी चालवणारा मीच. विचारलं, “ब्रेक कैसे थे?” दाजी तिथंच भिंतीला टेकून बसलेले, रुमालाला रक्त लागलेलं. मी म्हणालो, “अच्छे थे साहेब. पासिंग झालं होतं.” शेठनं तेच सांगितलं. पासिंग करणारे तरी वेगळं काय सांगणार? आणि मला जन्मभर पुरेल असं जे करून ठेवलं, ते दाजींनीच. मान वर करून म्हणाले, “गाडी चांगली व्हती साहेब. माझाच पाय चुकला आसंल.”

दाजींना सजा झाली. सुटून आले ते वेगळेच माणूस. लायसन गेलं, आणि लायसनपेक्षा मोठं ते नाव गेलं. ‘बाई मारलेला ड्रायव्हर.’ ते बैलगाडीतसुद्धा पुढं बसायचे नाहीत. शेत आक्कानं केलं, सरकी वेचायला जिनिंगमध्ये आक्का गेली. आणि ती चिडली, की घालूनपाडून बोलायची — “माझ्या भावानं पोटाला धंदा शिकवला, तो बी धड केला न्हाई तुमी!” दाजी खाली बघायचे. मी शेजारी बसलेला असायचो. मी धान्य पोचवायचो, पोरांना कपडे करायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. हे ऐकून मी घरी जायचो आणि जेवायचोही. जेवण जात नव्हतं असं नाही.

दाजी गेले ते दुखण्यानं. शेवटी शेवटी मी जवळ बसलो होतो तर म्हणाले, “सदा, एक इचारू? अजून माझ्या पायाखाली ती पट्टी लागती रं. मी दाबला व्हता. का मला नुसतं तसं वाटायलंय?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अमीन नव्हता, शेठ नव्हता. शेठ तर कधीच वारला होता. कशाची भीती होती मला? मी त्यांचं पांघरूण नीट केलं. म्हणालो, “दाजी, पडून ऱ्हावा. कशाला आठवायलाव ते.” त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

तेराव्याला आक्का आल्यागेल्याला सांगत होती, “मानूस देवमानूस व्हता. गाडी तेवढी जमली न्हाई त्यांला.” मी पंगतीत वाढत होतो.

आक्का अजून आहे. कान शाबूत आहेत, समजतंही सगळं. तिचं घर माझ्या घराला लागूनच. रोज सकाळी मी तिच्याकडं जातो, तिच्या हातचा चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठून येतो. आजही गेलो होतो.

दाजींनी ब्रेक दाबला होता.