टेकलं का, भाऊ?

"टेकलं का, भाऊ?"

कचेरी उघडली की आमच्या बडे बाबूंचं, म्हणजे हेडक्लार्क दादांचं, पहिलं वाक्य हे. टाचा आणि पाठ भिंतीला लावून ते उभे राहत, नाकासमोर बघत डोकं मागे नेत. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये माझं बोट शिरतं का, हे मी सांगायचं. "टेकलं, दादा!" मी भालदारासारखा ललकारायचो. मगच फायली उघडत.

त्यांच्या मणक्यांना सूज होती. इंदूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: आजार जाणार नाही, मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातील, पण हलते राहिलात, सपाट झोपलात, तर निदान वाकणार नाही. दादांनी उशी सोडली. "आखडायचंच ना, भाऊ? मग ताठ आखडू!"

सकाळी उठताना ते लाकूड असत. राजपुऱ्यातल्या घरून कचेरीपर्यंत चालत आले की माणूस होत. आम्हाला त्यांची दया आली आणि घोळ झाला. दादांना उठूच द्यायचं नाही असं ठरलं. पाणी टेबलावर, फायली टेबलावर, निंबोला गावची केळीही टेबलावर. सोलून भरवायचीच बाकी होती. संध्याकाळी दादा खुर्चीतून उठेनात. "अरे, सेवा करताय की मूर्ती बसवताय?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाण्याचा माठ पार मागच्या दाराशी हलवायला लावला.

राज्यांची नवी वाटणी झाली आणि भोपाळहून नवे साहेब आले. आम्ही सगळे कमरेत वाकलो. दादा ताठ.

"बडे बाबू, आप झुकते नहीं?"

"साहब, एक बार झुका तो वैसा ही रह जाऊँगा. आप समझेंगे, दिनभर सलाम कर रहा है."

साहेब इतके हसले की चहा सांडला.

त्या हिवाळ्यात एका सकाळी माझं बोट आत शिरलं. मी हळूच म्हणालो, "बोट जातंय, दादा." दुपारी दादा माठाकडे चारदा जाऊन आले. रोज तापीत पोहायला लागले. उन्हाळ्यात डोकं पुन्हा टेकलं, तेव्हा सगळ्या कचेरीला त्यांनी मावा जिलेबी खाऊ घातली.

वाटणीत विदर्भ दुसऱ्या राज्यात गेला, आम्ही भोपाळकडे राहिलो. नोकरांचीही वाटणी झाली आणि दादांची बदली नागपूरला झाली. शेवटच्या दिवशीही ते भिंतीशी उभे राहिले.

"टेकलं का?"

"टेकलं, दादा."

"तिकडे कोण सांगणार रे मला?"

भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. सकाळी कुलूप काढलं की माझं बोट आपोआप तिथं जातं. नागपुरात कुणाचं तरी बोट दादांच्या डोक्यामागे जात असेल. आत शिरत नसावं.