मुंजाजींचा रियाल

बाकीच्या घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात. धारूरच्या घाटाजवळ राहणाऱ्या मुंजाजींच्या घरी तिथे मस्कतच्या रियालचा भाव लिहिलेला असतो. एका रियालला आपले किती रुपये, हे ते रोज सकाळी शेळ्या सोडण्याआधी मोबाइलवर पाहतात आणि तारखेखाली बारीक अक्षरात टिपतात. जुनी कॅलेंडरेही त्यांनी टाकलेली नाहीत, एकाच खिळ्याला लटकवून ठेवली आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या नागपंचमीला रियाल कितीला होता, ते मुंजाजी उभ्या उभ्या सांगतील. कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

हा नाद घराण्यातलाच. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यातून शेळ्या हाकत इंग्रजांच्या मुलखात, नगरकडे विकायला जात. इकडे निजामाचा हाली रुपया चाले, तिकडे इंग्रजांचा कलदार. सहा कलदार दिले की सात हाली मिळत, कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. आजोबा कलदार कनवटीला लावून घरी येत आणि भाव वधारल्याशिवाय मोडत नसत. आजी म्हणायची, "एकदा तर इतकं थांबले, की निजामच गेला."

नातवाने तीच अक्कल कापसाला लावली. एका वर्षी कापूस बारा हजारांवर गेला. गावाने विकला. मुंजाजी म्हणाले, "पंधरा होऊ द्या." पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचला, उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि शेवटी माल गेला सात हजारांनी. बायको मनकर्णा अजूनही नुसती कोपर खाजवते, की मुंजाजी उठून गोठ्यात जातात.

त्यांची मुलगी शिवकन्या अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि २०१८ साली मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरीला गेली. त्या दिवशी रियाल एकशे ब्याऐंशीला होता. बापलेकीचं ठरलं होतं, दोनशे झाला की परत यायचं. पुढे दोनशे झाला. मुंजाजींनी गल्लीत पेढे वाटले आणि लेकीला कळवलं, "आता दोनशे वीसला ये." दोनशे वीसही मागे पडले. घराला स्लॅब पडला, बोअरला पाणी लागलं, शेळ्यांचा गोठा पक्का झाला. शिवकन्या सात वर्षांत दोनदा येऊन गेली.

परवाच्या शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. तिकडे शुक्रवार सुट्टीचा.

"आबा, अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात जागा निघालीय. आठ दिसांत कळवायचंय. येऊ का?"

मुंजाजींनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आज दोनशे चौतीस हाय. अडीचशेला टेकू दे की. लई चढाय लागलाय तुजा रियाल."

मनकर्णा डाळीतले खडे वेचत होती. "अवो, पोरगी हाय का कापूस?"

तिकडे शिवकन्या हसली. मग म्हणाली, "आबा, रियाल चढत न्हाई."

"न्हाई कसा? मी रोज लिवतो न्हवं!"

"त्याला डॉलरला बांधलाय, खुट्याला शेळी बांधावी तसा. माझ्या जन्माच्या आधीपासून तिथंच हाय. मी आले तवा खुबूस रोटीची पुडी शंभर बैशाला, म्हंजे तिकडच्या पैशाला होती, आजबी शंभरलाच हाय."

"मग एकशे ब्याऐंशीचे दोनशे चौतीस कशानं झाले?"

"आपला रुपया खाली गेला, आबा."

खडे वेचता वेचता मनकर्णा म्हणाली, "म्हंजे आपला रुपया पडला म्हणून पेढे वाटले तुमी. लोकांनी खाल्ले बी."

"थांब, मागून लावतो," एवढं लेकीला सांगून त्यांनी फोन ठेवला आणि शेळ्या घेऊन ते माळावर गेले.

माळावर त्यांचं लक्ष शेळ्यांकडे नव्हतं. दोन शेळ्या शेजारच्या बबनरावांच्या तुरीत शिरल्या, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. आकडा वाढला की त्यांना वाटायचं, लेक तिकडे एक पायरी वर गेली. आज कळलं, की ती होती तिथेच उभी आहे, खाली उतरत होतो ते आपण. आणि अडीचशे तरी कशाला? अडीचशे झाले की आपण पावणेतीनशे म्हणणार. आपली जीभ आपल्याला ठाऊक नाही का? कापूस निदान पडला तरी, म्हणून विकला. हा भाव पडायचाच नाही, मग 'ये' म्हणायचा दिवस उजाडणार कधी? तेवढ्यात बबनरावांची हाक आली. मुंजाजींनी शिव्या मुकाट्याने ऐकून घेतल्या. बबनरावांनाच चुकल्यासारखं झालं.

दुपारी घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता त्यांनी फोन लावला.

"बोला, आबा."

"ये."

"अडीचशेला?"

"ते मरू दे. तू ये. आठ दिसांत कळवायचं म्हणतेस न्हवं? आजच कळव."

मग शिवकन्या म्हणाली, "आबा, होकार कळवून पंधरा दिस झाले. इथं राजीनामा दिला. तिकीटबी काढलंय. मायला ठावं हाय."

मुंजाजी बायकोकडे वळले. ती आता भाकरी थापत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आन् मग मला इचारलं कावून?"

"तुमच्या तोंडून 'ये' निघतंय का न्हाई, ते बघायचं व्हतं," मनकर्णा म्हणाली. "आमा मायलेकींची पैज लागलीती. ती म्हणली निघंल, मी म्हणलं न्हाई."

"मग?"

"मग काय? हरले मी," असं म्हणत तिने पिठाच्या हातानेच त्यांच्याकडून फोन काढून घेतला.