बाबांनी पिच बदलला

बाबा गेले.

सकाळी चहा मागितला. मी कप घेऊन आले तोवर गेले होते.

आईला अजून वाटतंय, झोपलेत.

कुहीकडच्या धानाच्या शेतातून आलेला हा माणूस कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर झाला. तिथल्या एका साहेबांच्या नादाने गोल्फ शिकला. मग मलाही सोबत नेऊ लागला.

बाबांचा पिच बघायला लोक थांबायचे. पिच म्हणजे ग्रीनजवळून बॉल उचलून त्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या झेंड्यापाशी टाकायचा छोटा फटका. त्यांची सगळी जादू मनगटात. बॉल उंच जायचा, अलगद पडायचा, तिथेच थांबायचा.

मला ते कधीच जमलं नाही.

"माझी नक्कल काहून करून राहिली वं?" ते चिडायचे. "तुझा स्विंग सावकाश आहे, गोल आहे. मनगट राहू दे. छाती फिरव, हात येतात मागून."

तसा मारला की माझा बॉल बुटका उडायचा, घरंगळत जायचा. पण पोचायचा.

मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

हळूहळू चालू लागले, बोलू लागले. उजवं मनगट मात्र वळेना.

डॉक्टरांनी मैदानावर जायला हो म्हटलं, त्या दिवशी स्वतः दाढी केली. डाव्या हाताने. हनुवटी कापली तरी खूश!

पहिलाच पिच. सवयीने मनगट वळवायला गेले आणि हातातला क्लब जमिनीत रुतला.

पुन्हा तेच.

पुन्हा तेच.

ओळखीची माणसं दुसरीकडे बघू लागली.

बाबा बाकावर बसले. "झालं बाई. संपला आपला गेम."

मला रडू फुटत होतं. तरी म्हटलं, "बाबा, तो स्विंग आता नाही. जो उरलाय, त्याला जुळेल असा पिच मारू ना."

"तुझ्यासारखा?"

"हो."

बाबा क्लबला टेकून उठले. मग म्हणाले, "शिकव मले."

वजन डाव्या पायावर. मनगटं शांत. छातीसोबत क्लब मागे, छातीसोबत पुढे.

अख्खा हिवाळा आम्ही तेवढंच केलं. कधी वैतागायचे, कधी मलाच रागवायचे. घरी मात्र आईला सांगायचे, "पोरगी चांगली शिकवते."

एका सकाळी बॉल उडाला. बुटकाच. ग्रीनवर पडला, घरंगळला, झेंड्याच्या बराच अलीकडे थांबला.

"जमलं वं..."

बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काल रात्री जेवताना म्हणाले, "उद्या नको, थकल्यासारखं वाटून राहिलं. रविवारी जाऊ."

मी म्हटलं, "जाऊ."

आज शनिवार आहे.

मला काही सुचून नाही राहिलं. ज्यांना यायचंय त्यांनी या. दुपारी घरूनच घाटावर निघू.

बाबा, निघा आता. आईजवळ मी आहे.